शून्य जोराचं काम

इंदुरात कुणी म्हटलं, "सीपीयू काढून दुकानात देऊन या," तर टेबलाखालचा अख्खा लोखंडी डबा उचलून न्यायचा असतो. बँकेत, शाळेच्या ऑफिसात, वकिलांच्या खोलीत, रामबागेतल्या कुठल्याही घरात सीपीयू म्हणजे डबाच. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये काउंटरपलीकडच्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून "सीपीयू बदलायचाय" असं ऐकलं की तो आधी विचारतो, "भिया, डब्बा की चिप?" प्रश्न गमतीचा वाटतो, पण रास्त आहे. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, जेमतेम ४ सेंटिमीटरचा चौकोन. एएमडीचा एएम४ साच्यातला ४० बाय ४० मिलिमीटर, इंटेलचे बरीच वर्षं ३७.५ मिलिमीटरचे चौरस, आणि २०२१च्या एलजीए १७०० सॉकेटपासून ३७.५ बाय ४५ असा लांबट. डबा उचलायला दोन हात लागतात. चौकोन उचलायला अंगठा आणि एक बोट पुरतं, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं.

काढण्याआधी विचारावं, काढायचाच आहे का? दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर 'नाही' असं असतं. मशीन तापतंय, पंखा बोंबलतोय, मधेच बंद पडतंय, एवढंच दुखणं असेल तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसलेला, उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा, उतरवावा, त्या दोघांमधली जुनी थर्मल पेस्ट पुसावी, नवी लावावी. प्रोसेसर सॉकेटमध्येच, म्हणजे मदरबोर्डावरच्या त्याच्या जागेतच, राहू द्यावा. त्याच्यासारखी सुरक्षित जागा त्याला टेबलावर मिळत नाही. माळव्यातला उन्हाळा कोरडा, पारा चाळिशीच्या वर, धूळ बारीक. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीनंतर राजवाड्याच्या आसपासच्या दुकानातला डबा उघडला आणि पंख्याच्या पात्यांना गुलाबी कड दिसली तर नवल वाटायला नको. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये ही धूळ नमद्यासारखी बसते. ती निघाली की अर्धं दुखणं जातं. त्यासाठी प्रोसेसरला हात लावायचं कारणच नसतं.

काढावा लागतो तो बोर्ड मेला म्हणून, किंवा दुसरा प्रोसेसर घालायचा म्हणून. दुसऱ्या प्रकारात सध्या गर्दी आहे, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका आणि पुढचं लागतं. यादीत अपवाद आहेत, तेव्हा नेमका नंबर तपासावा. इथे एक खड्डा आहे, आणि त्यात शहाणी माणसंही पडतात. सहाव्या-सातव्या पिढीचा सॉकेट एलजीए ११५१, आठव्या-नवव्या पिढीचाही एलजीए ११५१. चौकोन तोच, खाचा त्याच, आत बसतोसुद्धा अलगद. चालत मात्र नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड लागतो. १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डात तो घातला तर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. मग माणूस पुन्हा काढतो, पुन्हा घालतो, पेस्ट पुसतो, रॅम बदलून बघतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठेतरी पिन वाकवतो. बोर्डावर छापलेलं नाव वाचायला लागणारा एक मिनिट हा सगळा कारभार वाचवतो. एएम४ मध्ये सुख जास्त आहे. बऱ्याच जुन्या बोर्डांत ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर चालतात, पण बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, आधी अद्ययावत करावं लागतं, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. काढल्यावर आठवलं तर जुना परत घालण्याशिवाय बहुतेक बोर्डांत गत्यंतर नसतं.

आणखी एक गोष्ट डबा उघडण्याआधीची. एएमडीच्या यंत्रांत विंडोजच्या कुलपाची किल्ली जिथे राहते ते टीपीएम बहुधा प्रोसेसरमध्येच असतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेलं कुलूप, चालू असेल आणि आपण प्रोसेसर बदलला, तर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की कुठे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा आधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवावं, ते जमत नसेल तर रिकव्हरी की निदान कागदावर लिहून ठेवावी. नवा प्रोसेसर बसल्यावर बायोस इंग्रजीत विचारतं की टीपीएम नव्याने मांडू का. रिकव्हरी की हातात नसताना 'वाय' दाबू नये. 'एन' दाबून पुढे जाता येतं.

आता वीज. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सांगतात की पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, पण वायर भिंतीतच राहू द्या, म्हणजे अर्थिंग मिळतं. सल्ला चांगला आहे, फक्त भिंतीत अर्थिंग असेल तर. जुन्या वाड्यांत आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या घरांतही तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं. चालू कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण येत असेल तर अर्थिंग नाही असं धरून चालावं. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून गळणारी ती बारीकशी वीज जायला जागाच उरत नाही, म्हणून ती पत्र्यावर थांबते आणि बोटातून वाट काढते. अशा ठिकाणी वायर सरळ काढून टाकावी. यूपीएस असेल तर तोही बंद. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं. बोर्डावरचा छोटा दिवा हळूहळू विझतो, तो विझला की हात घालावा. स्थिर विजेचं भय खरं आहे, पण त्याचा बाऊही नको. आपल्याला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, आणि चिपा त्याच्या कितीतरी खाली दगावू शकतात, म्हणजे चटका बसला नाही याचा अर्थ काही झालं नाही असा नाही. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा आणि अंगावर ॲक्रिलिकचा स्वेटर हे यातलं सर्वांत वाईट जोडपं. सुती कपडे, लाकडी टेबल, खाली वर्तमानपत्र, आणि दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात. एवढं घरच्या कामाला पुरतं. गोधडीवर, सतरंजीवर, पलंगावर हे काम मांडू नये.

मात्र वीज काढण्याच्या आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून घ्यावं, काहीतरी जड कामाला लावून. कारण पेस्ट. चार-पाच वर्षांची पेस्ट वाळलेल्या पिठल्यासारखी तव्याला धरते. गरम असताना ती थोडी सैल होते, थंडीत दगड होते. गरम करावं, बंद करावं, वायर काढावी, आणि फार वेळ न दवडता हीटसिंककडे वळावं. डबा आडवा निजवावा, बोर्ड जमिनीला समांतर. उभ्या डब्यात हीटसिंक सुटला की त्याचं वजन एका बाजूला लटकतं, आणि पुढे प्रोसेसर सॉकेटमधून घसरून खालच्या ग्राफिक्स कार्डावर आपटू शकतो.

पंख्याची चार तारांची पिन आधी बोर्डावरून काढावी. ती विसरून हीटसिंक उचलणारे लोक आहेत, आणि तुटलेली कनेक्टरं त्याची साक्ष देतात.

इंटेलच्या प्रोसेसरच्या खोक्यात येणाऱ्या गोल हीटसिंकला चार काळ्या खुंट्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा आणि वर ओढायची, 'टक' ऐकू येईपर्यंत. काळी खुंटी पांढऱ्या दुभंगलेल्या पायातून वर आली नाही तर पाय भोकात फुगलेलाच राहतो आणि मग बोर्ड उचलला जातो. जुन्या खुंट्या उष्णतेने ठिसूळ होतात, एखादी मोडतेच. सुट्या मिळतात. कंपन्यांच्या जुन्या ऑफिस मशीनांत चार स्प्रिंगचे स्क्रू असतात, ते बरे. एक पूर्ण काढून मग दुसरा असं करू नये. तिरके समोरासमोरचे, दोन-दोन फेरे, पाळीपाळीने सैल करावेत. एएमडीच्या साध्या पंख्याचेही चार स्क्रू असतात, पण ते बोर्डामागच्या धातूच्या पट्टीत रुतलेले असतात. ते सुटले की मागची पट्टीही सुटते आणि आडव्या डब्यात बोर्डाखाली जाऊन पडते. कॅबिनेटच्या बोर्डामागच्या पत्र्यातल्या खिडकीतून एका हाताने ती धरून ठेवावी, नाहीतर पुढे पूर्ण बोर्ड काढायची वेळ येते.

आता ज्या जागेसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती जागा. एएम४ आणि त्याआधीच्या एएमडी सॉकेटांत पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एएम४ मध्ये १३३१, आणि सॉकेट म्हणजे नुसती भोकांची चाळणी. या रचनेला झिफ म्हणतात, म्हणजे शून्य जोर लावून बसणारी. लिव्हर उभा केला की चाळणीचा वरचा थर किंचित सरकतो, भोकं सैल होतात, प्रोसेसर स्वतःच्या वजनाने आत बसतो. लिव्हर आडवा केला की थर परत सरकून प्रत्येक पिनेला कडेने चिमटीत धरतो. वरून झाकण काही नाही. फक्त चिमटी. आणि प्रोसेसरच्या पाठीवर वाळलेली पेस्ट, तिच्या वर पाव-अर्धा किलोचा हीटसिंक. माणूस तो सरळ वर ओढतो. आता पेस्टची धर एकीकडे आणि १३३१ चिमट्या दुसरीकडे. जुन्या पेस्टपुढे चिमट्या हरतात. 'फट्' असा आवाज येतो, हातात हीटसिंक, हीटसिंकच्या पोटाला चिकटलेला प्रोसेसर, आणि खाली बंद लिव्हरचा रिकामा सॉकेट. हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो पुन्हा हीटसिंक सरळ वर ओढत नाही.

ओढायचा नाही, पिळायचा. स्क्रू किंवा क्लिप पूर्ण सुटल्यावर हीटसिंक दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या दिशेने दोन-चार अंश, मग उलट दोन-चार अंश, बरणीचं घट्ट झाकण चाचपतो तसा. सुरुवातीला काहीच हलत नाही. मग एक बारीक चिकट सरक जाणवते, तीच पेस्ट सुटल्याची खूण. मग बाजूला सरकवत, थोडा कलवत उचलावा. पंधरा-वीस पिळांत सरक आली नाही तर थांबावं, मशीन पुन्हा जोडून पुन्हा गरम करावं. कंटाळा येतो. त्या कंटाळ्यातच लोक स्क्रूड्रायव्हर मधे खुपसतात, आणि बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ कापली जाते.

तरीही निघालाच बरोबर, तर घाबरून तसाच्या तसा परत दाबू नये. लिव्हर बंद असतो आणि भोकं घट्ट, त्यामुळे दाबलं की पिना आडव्या होतात. हीटसिंक टेबलावर उताणा ठेवावा, प्रोसेसर वर, पिना आकाशाकडे. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडावेत, ९० टक्क्यांच्या वरचं, ९९ असेल तर उत्तम. पाच मिनिटं थांबावं. मग दोन धातूंच्या मधल्या फटीत दातांचा फ्लॉस घालून करवतीसारखा मागेपुढे ओढावा. चाकू नको, ब्लेड नको. वरून केस वाळवायच्या यंत्राची हवा दिली तर काम लवकर होतं, पण अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच, कारण ते पेट घेतं.

इंटेलमध्ये २००४च्या एलजीए ७७५ पासून हे संकट नाही, आणि एएमडीनेही २०२२ मध्ये एएम५ आणून तोच रस्ता धरला. तिथे प्रोसेसरवर धातूची चौकट दाबून बसते, त्यामुळे हीटसिंकबरोबर तो येऊच शकत नाही. पण संकट गेलं नाही, जागा बदलून बसलं. पिना आता प्रोसेसरला नाहीत, सॉकेटमध्ये आहेत. एलजीए नावातला आकडा म्हणजे त्यांचीच संख्या: एलजीए १७०० मध्ये १७००. एएम५ मध्ये त्या १७१८.

इथे एक क्रम पाळावा. हीटसिंक निघाल्यावर लगेच लिव्हरला हात घालू नये. आधी पेस्ट पुसून घ्यावी, चौकट बंद असतानाच, अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने, कडेकडून मध्याकडे. उघड्या चौकटीजवळ पुसापुशी केली की पेस्टचा एक ठिपका सॉकेटमध्ये जातोच. पेस्ट बहुधा वीजवाहक नसते, पण पिना आणि प्रोसेसरच्या पोटाच्या सोनेरी चकत्या यांच्यामध्ये तिचं काही काम नाही.

मग लिव्हर. खाली दाबायचा, थोडा बाहेर सरकवून आकड्यातून सोडवायचा, आणि हात न सोडता वर न्यायचा. शून्य जोराची गोष्ट इथे लागू नाही. हजारावर बारीक स्प्रिंगा दाबून ठेवायच्या असतात, त्यामुळे लिव्हर ताठ असतो आणि सोडला तर उसळतो. नवख्याला वाटतं काहीतरी मोडलं. बसवताना तर करकर आवाजही होतो, तो नेहमीचाच. चौकट उघडल्यावर प्रोसेसर मात्र नुसता टेकलेला असतो. दोन कडांना, सॉकेटला जिथे बोटासाठी खाच ठेवलेली असते तिथे, अंगठा आणि तर्जनी लावून तो आडवाच्या आडवा, सरळ वर उचलावा. सरकवू नये. एक कड आधी उचलून दुसरी टेकवू नये. ओल्या, तेलकट बोटांनी हे करू नये. पोहे-जिलबी आधी किंवा नंतर. पिना वाकतात त्या बसवतानाच नाही, तर उचलताना हातातून निसटलेल्या कोपऱ्यानेही.

उघडा सॉकेट एकदा नीट बघून घ्यावा, तिरक्या उजेडात, मोबाइलचा दिवा एका बाजूने धरून. प्रत्येक पिन म्हणजे तिरपी वाकवलेली सोन्याच्या मुलाम्याची जीभ, सगळ्या जवळजवळ एका दिशेला झुकलेल्या, वाऱ्यातल्या गव्हासारख्या. उजेड फिरवला की चमक एकदम सगळीकडून सरकते. जिथे ती मोडते, एखादा ठिपका काळा राहतो किंवा वेगळाच लकाकतो, तिथे पिन वाकलेली आहे. तिचं परिणामांशी नातं विचित्र असतं. कधी मशीन सुरूच होत नाही, कधी सगळं ठीक पण रॅमच्या दोन खाचा मेलेल्या, कारण रॅमच्या तारा थेट प्रोसेसरपर्यंत येतात. लोक मग रॅम बदलत बसतात. सॉकेटला कापूस, कापड, ब्रश काहीही लावू नये. एक धागा अडकला की चार पिना ओढतो. पिन सरळ करायची तर भिंग, टोकदार चिमटा आणि एकच हालचाल, नाहीतर हात बसलेल्या माणसाकडे द्यावी. एएम४च्या प्रोसेसरवरच्या पिना त्या मानाने दयाळू. ०.५ किंवा ०.७ मिलिमीटरच्या पेन-पेन्सिलमधली शिसाची काडी काढून टाकावी, रिकामं टोक वाकलेल्या पिनेवर चढवावं आणि हळूच उभं करावं. पूर्ण रांग कलली असेल तर जुनं एटीएम कार्ड दोन रांगांच्या मधून फिरवावं, दोन्ही दिशांनी. पिन एकदा वाकली तर सरळ होते, दोनतीनदा इकडेतिकडे केली की तुटते. शेवटी रिकाम्या सॉकेटवर अलगद ठेवून बघावं. स्वतःहून बसला तर ठीक, नाही बसला तर अजून एखादी पिन वाकडी आहे. वरून दाबणं हा उपाय नाही.

निघालेल्या प्रोसेसरचं काय? जुना विकायचा असेल तर प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत. डबी नसेल तर पिनांचा प्रोसेसर काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये, पांढऱ्या थर्माकोलमध्ये नाही, तो वीज धरतो. बिनपिनांचा असेल तर पोटाच्या सोनेरी चकत्यांना बोट न लावता अँटिस्टॅटिक पिशवीत. मेलेला असेल तर महापालिकेच्या गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे जाऊ द्यावा.

आणि सॉकेटची टोपी. नवा बोर्ड आला तेव्हा सॉकेटवर काळ्या प्लास्टिकचं झाकण होतं. पहिल्यांदा प्रोसेसर बसवताना ते आपोआप उडालं आणि खोक्यासकट किंवा खोक्याआधीच कुठेतरी गेलं. बोर्ड वॉरंटीत पाठवायचा असेल तर दुकानदार पहिल्यांदा तेच मागतो, कारण उघड्या सॉकेटचा बोर्ड कुरिअरमध्ये हादरला की पिना वाकतात आणि वाकलेल्या पिनांवर वॉरंटी सहसा मिळत नाही. टोपी चौकटीवर बसते, आत नाही. ती लावताना चौकट बंद करून वरून 'टक' दाबावी, सॉकेटच्या पोटात कोंबू नये. घरात शोधायची तर आधी बटणांच्या डब्यात बघावी. पोरांनी खेळायला नेली नसेल तर तिथेच असते.